ज्याचा त्याचा टी-शर्ट

निवडुंग पाळणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपचे सगळे टी-शर्ट उलटे छापले गेले. पण असं काही झालंच नाही, असं ते छापून देणाऱ्या गुंजनने ठरवलं.

कागदावर अक्षरं उलटी काढली, तरच ती कापडावर सुलटी उमटतात. ती उलटी करायचंच गुंजन विसरली. आणि हातमाग सोडून नुकतेच छपाईच्या प्रेस मशीनवर उभ्या राहिलेल्या तिच्या बाबांनी ‘मले हात लावू नका’ हे वाक्य प्रत्येक छातीवर मनापासून उलटं दाबलं. चूक कळली तेव्हा पार्सलं गेली होती.

“मागावर सुलटी बाजू खालीच राहे. मले वाटलं, हे बी तसंच,” बाबा म्हणाले. “आता या मशीनले मी हात लावत नाही वं.”

“तेच तं छापलं ना आपण, बाबा.”

रविवारी सगळ्यांनी ऐन वेळी पार्सलं फोडून टी-शर्ट घाईघाईत अंगात घातले आणि ग्रुपचा व्हिडिओ कॉल झाला. मोबाइलात माणूस स्वतःला आरशासारखा दिसतो, त्यामुळे ज्याला त्याला आपला टी-शर्ट सुलटा आणि बाकीच्यांचे उलटे दिसले. कॉल संपताच प्रत्येकाने गुंजनला गुपचूप मेसेज केला, “माहाच तेवढा बरोबर आला जी. बाकीच्यायले सांगू नका, बिचाऱ्यायले वाईट वाटन.”

बाबांनी सगळे मेसेज दोनदा वाचून घेतले आणि मशीन पुसायला लागले.

मग आपापल्या टी-शर्टवर खूश झालेल्या ग्रुपने बाबांचा प्रत्यक्ष भेटून सत्कार करायचं ठरवलं. गुंजनने अ‍ॅडमिनकडे रीतसर अर्ज केला: ‘सदर सत्कार समारंभ इतवारी बाजारातील एखाद्या आरशांच्या दुकानात घेण्यात यावा, व उपस्थितांनी एकमेकांकडे थेट पाहू नये, ही नम्र विनंती.’