सूनबाईचा पिवळा दिवा

नग १

"तुमच्या सूनबाईने आणखी एक जुडी माहेरी धाडली," फोर्कलिफ्टवाला ओरडला. "तुम्ही पास केलेली होती बरं का, सासूबाई!"

सासूबाई म्हणजे छप्पन्न वर्षांचा मिशीवाला माणूस. पार्सलांच्या या शेडमध्ये तो तीस वर्षं जुड्या तपासत होता. एकाच पत्त्याची पार्सलं सुतळीने बांधतात, ती जुडी. तीत परकं पार्सल घुसलं असेल तर ती उलट्या पट्ट्यावर टाकायची. त्या पट्ट्याला सगळे माहेर म्हणत.

सूनबाई म्हणजे दोन महिन्यांपूर्वी आलेलं मशीन. पट्ट्यावर एक बोगदा, आत चार कॅमेरे, वर तीन दिवे. हिरवा लागला की जुडी पुढे, लाल लागला की माहेरी. पिवळा लागला की समजायचं, विचार चाललाय. त्याने पास केलेल्या जुड्या ती पुन्हा बघायची आणि चुका काढायची. म्हणून तो सासूबाई.

नग २

सासूबाई आणि सूनबाईच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याची बायको डब्याच्या पिशवीच्या सुतळीची गाठ काट्याच्या टोकाने उकरत होती. चमचा आत ठेवायचा राहिला होता.

"गाठ आहे की शिक्षा?"

"डावऱ्याची गाठ अशीच बसते."

"अठ्ठावीस वर्षं सोडवतेय, मला सांगता?" तिने काटा खाली ठेवून उजव्या हाताचं बोट चोळलं. हल्ली तिला त्या बोटाला मलम लागायचं.

"आज निकाल," तो म्हणाला. "सूनबाईच्या चुका कमी निघाल्या तर माझं टेबल उचलणार आणि मला गेटवर बसवणार. माझ्या कमी निघाल्या तर दोघंही राहणार. तीस वर्षं जुड्या बघितल्या, आता गेटवर बसून लोकांच्या चपला बघू?"

"तिच्यावर कशाला डूख धरता? पट्टा दिवसभर थांबत नाही, तीही बिचारी..."

"बिचारी? रोज दीड वाजता अर्धा तास थंड व्हायला बसते!"

"बसू दे की. तिलाही पोट असेल."

तो हसला. ती मात्र घाईत होती. तिलाही कामावर जायचं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिला कॉम्प्युटरवरचं काहीतरी काम मिळालं होतं. कसलं, ते ती सांगायला गेली तेव्हा तो सूनबाईवर बोलत होता.

नग ३

दोघांना शंभर-शंभर जुड्या. नंतर मॅनेजरबाई प्रत्येक जुडीची गाठ सोडून बघणार.

"टेन्शन घेऊ नका, काका," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकल्यावर त्याला टेन्शन आलं.

त्याने एक वाजेपर्यंत शंभर संपवल्या. जुड्या सोडल्या, तर तीन चुका निघाल्या. तिसरी तर अशी, की चष्म्याला दोष द्यायचीही सोय नव्हती. सूनबाईच्या सत्तर झाल्या होत्या. त्याही सोडल्या, त्यात चूक एक.

दीड वाजला आणि तिन्ही दिवे विझले.

"थंड होतंय," इंजिनिअर म्हणाला आणि मॅनेजरबाईंबरोबर चहाला गेला.

नग ४

हा नग पट्ट्यावरून पडला. माहेरहून परत येईल.

नग ५

बोगद्याच्या तोंडाशी तीस जुड्या रांगेत उभ्या होत्या. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फोर्कलिफ्टवाला फोर्कलिफ्टवरच घोरत होता.

पहिली जुडी सोडली, एक परकं पार्सल पत्ता खाली करून आत सरकवलं आणि गाठ मारली. दुसरीलाही तेच केलं. तिसरीची गाठ आवळतोय तोच दारात पावलं वाजली. तो टेबलाकडे पळाला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिसऱ्या जुडीतल्या परक्या पार्सलाचा पत्ता वर राहिलाय. मोठ्या, ठळक, काळ्या अक्षरांत. आंधळ्यालाही दिसला असता.

आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली होती, आणि तीही धड जमली नव्हती.

नग ६

दोन वाजता दिवे लागले.

पहिली जुडी आत गेली. पिवळा लागला आणि तसाच राहिला. एरवी सूनबाई दोन मिनिटं विचार करायची. इंजिनिअरने घड्याळ पाहिलं. त्याने मशीनला चापट मारली. सासूबाईंच्या मिशीवर घाम जमला.

हिरवा.

दुसरी आत गेली. लगेच हिरवा.

तिसरी अजून बोगद्याच्या बाहेरच होती, पत्ता छताकडे करून, तोवर हिरवा लागलासुद्धा.

"हिला झालंय काय?" इंजिनिअर म्हणाला.

बाकीच्या सत्तावीस जुड्या तिने बिनचूक पार पाडल्या. मॅनेजरबाईंनी गाठी सोडता सोडता एक नख मोडून घेतलं. सूनबाईच्या चार चुका, त्याच्या तीन.

फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न वाजवला. "सासूबाई जिंकल्या!"

नग ४ (माहेरहून परत)

संध्याकाळी तो घरात शिरला तेव्हा बायको बोटाला मलम चोळत बसली होती.

"हरली!" त्याने पिशवी टेबलावर आपटली. "कॅमेरे चार, पण उपयोग काय? अनुभव लागतो, अनुभव. माझ्यासारखी नजर यायला तिला सात जन्म लागतील."

"हो ना," ती म्हणाली. पिशवी पुढे ओढली आणि काटा घेऊन गाठ उकरू लागली. "टेबल राहिलं?"

"राहिलं. सूनबाईसुद्धा राहिली. असू दे, मी काही मनात ठेवत नाही."

"मोठं मन आहे तुमचं." गाठ सुटली. तिने सुतळी सरळ केली आणि त्याच्यासमोर ठेवली. "पण अहो, पुढच्या वेळी गाठ तरी दुसऱ्या कुणाकडून मारून घ्या. आणि पत्ता खाली करत जा, कॅमेऱ्यात दिसला तेव्हा हिरवं बटण किती घाईने दाबलं मी!"