आवाज तपासताना

"सासऱ्यापुढे तोंड उघडू नको, बाई," पाठवणीच्या वेळी आईने कानात सांगितलं होतं. सुनंदाबाईने सतरा वर्षं ते पाळलं.

आज तिच्या पंधरा वर्षांच्या लेकीचा, लताचा साखरपुडा. व्हिडिओवाल्या पितांबरने ओसरीत सुनंदाबाईसमोर कॅमेरा लावला आणि वायर मांडवातल्या टीव्हीला जोडली. टीव्हीसमोर तिचे सासरे, आबा, पाहुण्यांना घेऊन बसले होते. सुनेचं चित्र तर स्वच्छ आलं, आवाज तेवढा तपासायचा राहिला.

"काहीबी बोला, वहिनी. बठ्ठा मांडवले ऐकू येस का, देखूत. माईक चावत नही."

सुनंदाबाईने डोक्यावरचा पदर सावरला, माईक जवळ ओढला.



"आबा, हाई लगीन मी व्हऊ देवाव नही. लता अजून शिकी."