पोथी कुठली?

"आज सरकार संपावर तोडगा काढतं. या मंत्रपोथीतला तोडगा मात्र भूतबाधेवरचा!" वैजयंती म्हणाली आणि सभागृह हसलं. "आणि गंडा? तेव्हा तो लेकरांच्या रक्षणासाठी बांधायचे. आता लोकांना घालतात!"

हशा वाढला. तिसऱ्या रांगेतले तिचे वडील, आप्पा, तेही हसले. गावात त्यांनी जन्मभर गंडेच बांधले होते. याच पोथीवर बोट फिरवून लेकीला अक्षरं शिकवली होती. तिच्या भाषणासाठी काल ती देव्हाऱ्यातून उतरवून, छातीशी धरून, एसटीनं घेऊन आले होते.

"पोथी मिळाली कुठं, मॅडम?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

वैजयंतीची नजर आप्पांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यांवर गेली. "जुन्या बाजारात," तिच्या तोंडून निघून गेलं.

टाळ्या पडल्या. आप्पाही टाळ्या वाजवत होते. तिला मान वर करवेना.

स्टँडवर तिनं पोथी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"राहू दे तुझ्याकडंच, वैजू," ते मायेनं म्हणाले. "बाजारातनं आणलेली पोथी देव्हाऱ्यात चालत नाही."