जाळ्याजवळची मुलगी

"नक्की कुठली?" टेसाने काचेला नाक लावत विचारलं.

मार्लीनने पलीकडच्या गोलपोस्टकडे बोट दाखवलं. "ती बघ, जाळ्याजवळ."

तिथे एक चिमुरडी बर्फावर पालथी पडली होती आणि कोच वाकून तिला उठवत होती. टेसाची नजर त्या चिमुरडीवरच खिळली.

कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या त्या गावात शनिवारी सकाळी सगळ्यांची पोरं आइस हॉकी शिकायला बर्फाच्या रिंकवर असतात, आणि आईबाप कुडकुडत बाकांवर. टेसा मात्र पोराशिवाय आली होती. तिचं पोर अजून पोटात होतं, पाचव्या महिन्यात. स्तनातली गाठ काढून झाली होती. आता केमो सुरू करायची की नाही, ते सोमवारी सांगायचं होतं. पहिले तीन महिने उलटलेत, बाळाला धोका कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. धोका अजिबात नाही, असं काही ते म्हणेनात. तेव्हा ती हटूनच बसली. आईच्या पोटात ही औषधं झेललेलं एक तरी मूल मला या डोळ्यांनी बघायचंय. डॉक्टरांनी आपल्या जुन्या पेशंटला, मार्लीनला, फोन केला आणि मार्लीनने तिला इथे बोलावलं.

मार्लीनचे केस पांढरेशुभ्र होते. ही औषधं माणसाला लवकर म्हातारं करत असणार, टेसाच्या मनात आलं.

"फार पडते का हो?"

"अगं, बर्फावर कोण पडत नाही?" मार्लीन हसली. "लवकर जन्मली ना, दोन किलोसुद्धा नव्हती. चालायलाही उशिराच लागली. माझ्या डोक्यावर एक केस उरला नव्हता, आणि ही बया डोकंभर जावळ घेऊन आली. नर्स म्हणाली, आईचे सगळे हिनेच पळवलेले दिसतायत."

शिट्टी वाजली. सगळी पोरं मधल्या रेघेकडे वळली. चिमुरडी एकटीच उलट्या दिशेने निघाली.

"तिला नीट ऐकू येतं ना?" टेसाने चाचरत विचारलं. कानांवर परिणाम होऊ शकतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"सगळं येतं. कुणाचं ऐकत मात्र नाही."

"आणि हृदय?"

"तपासत असतात. दर वेळी म्हणतात, ठणठणीत आहे. मला दर वेळी खरं वाटत नाही, मग मी इथे येऊन बसते."

चिमुरडी पुन्हा आपटली. कोच उलटी सरकत सरकत आली, तिला बगलेत धरून उभं केलं आणि हेल्मेटवर टपली मारून सोडून दिलं. पोर पुन्हा लुटुलुटु निघाली, पडली, या वेळी आपली आपण उठली.

टेसाला रडू यायला हवं होतं, पण ते आलंच नाही. एवढासा जीव. जन्मण्याआधीच असली जहाल औषधं पचवून आलेला, आणि आता आपटी खाऊन पुन्हा पळतोय. ती थक्क होऊन बघत राहिली. असं काही आपण आजवर पाहिलंच नाही, असं तिला वाटलं. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"अशी असली तरी मला चालेल," ती म्हणाली. "पण तिला उठवायला मी हवी ना. सोमवारी मी हो सांगणार आहे."

मार्लीनने तिचा हात घट्ट धरला. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "अशी म्हणजे कशी गं?"

तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली आणि पोरांचा लोंढा बाहेर आला. चिमुरडी जड बूट आपटत थेट त्यांच्याच दिशेने येऊ लागली. टेसाने हसून हात पुढे केले. पोर तिच्या बाजूने सटकून मागच्या बाकावरच्या दाढीवाल्या माणसाला जाऊन बिलगली.

"बाबा, आज सगळ्यांत जास्त मी पडले," तिने ऐटीत सांगितलं.

टेसाने गोंधळून मार्लीनकडे पाहिलं. मार्लीन अजून बर्फाकडेच बघून हात हलवत होती. कठड्याचं दार उघडून कोच बाहेर आली, मार्लीनसमोर थांबली आणि तिने हेल्मेट काढलं.

"आई, ऊठ आता. घरी माझ्या दोन्ही कार्ट्यांनी बापाला एव्हाना फाडून खाल्लं असेल."