भरलेला पेला

खिडक्यांच्या फळ्या मिटून आम्ही दुपारचा जाळ बाहेर ठेवला होता, तोच शांततेत स्वयंपाकघरातला नळ वाजला. "ग्रेका, पुन्हा पाणी?" मी ओरडले. बदाम सोलता सोलता सासूबाई हसल्या. "अगं, ऑगस्टातला सार्डिनिया हा! त्यात मी तिला मेंढीच्या दुधाचं खारट चीज दिलंय. पाणी नाही तर काय समुद्र पिणार पोर?" त्यांचं खरं होतं, आणि तिथंच माझी कोंडी होती. ही तहान उन्हाची, चीजची, की ती दुसरी? वसंतात गावातल्या सगळ्या मुलांच्या बोटांतून तपासणीसाठी थेंबभर रक्त घेतलं, तेव्हा माझ्या लेकीच्या रक्तात येणाऱ्या आजाराच्या दोन खुणा सापडल्या. "आज ती ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण पुढे मधुमेह होणार. कधी, ते रक्त सांगत नाही. सारखी तहान लागायला लागली की लगेच घेऊन या." तेव्हापासून मी तिच्या प्रत्येक घोटावर कान ठेवून जगते. "एवढं पुढचं दिसतं त्यांना, तर दिवसही सांगायचा होता," सासूबाई पुटपुटल्या. "उगाच पोरीवर पहारा!" मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. नळ बंद झाला होता. ग्रेका भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. ओठ कोरडे, पेल्यातलं पाणी जसंच्या तसं. माझ्या चेहऱ्याकडे बघत तिनं हळूच विचारलं, "आई, मला तहान लागली तर चालेल?"