साक्षीची बाटली

"बुडबुडा राहता कामा नये." प्रयोगशाळेतून आलेल्या ओरावानने कांफोरच्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली उलटी करून तिच्यावर टिचकी मारली. "जरा हवा राहिली की द्रावण तिच्यात उडून जातं. मग तपासायचं काय, कपाळ?"

"उडूनच जातं, तर पाणी उघडं ठेवून प्यावं की!" कांफोर म्हणाली.

"इतकं सोपं असतं, मावशी, तर प्रयोगशाळा सोडून या उन्हात कशाला तडफडले असते?"

कांफोर हसली. लोंगान फळांच्या बागांपलीकडे कारखाना होता. सुटे भाग धुवायचं द्रावण तिथे जमिनीत मुरतंय, अशी कुजबुज गावभर होती. ना रंग, ना वास. शेजारचे पानकाका यकृताच्या दुखण्याने गेले, तेव्हापासून भीतीने तिच्या पोटात घरच केलं होतं.

तिची मुलगी पिमजाई दुसऱ्यांदा पोटुशी होती. तिच्यासाठी कांफोर पहिल्या खेपेपासूनच कारखान्याच्या फाटकापाशी निघालेल्या नव्या दुकानातून सीलबंद कॅन आणायची. तरी पहिलं मूल पोटातच गेलं. चिकट तांदूळ रात्री विहिरीच्या पाण्यात भिजत घातला जायचा, तेवढंच निमित्त झालं असणार, असं म्हणून कांफोरने स्वतःचं थोबाड फोडून घेतलं होतं. आता तांदूळही कॅनच्याच पाण्यात भिजे. स्वतः मात्र ती विहिरीचंच पाणी प्यायची. जुन्या लाकडाला कसली वाळवी लागतेय!

दोन बाटल्या भरून झाल्या. तिसरी बर्फाच्या पेटीतून काढताना ओरावानच्या हातून निसटली आणि फुटली.

"अगं बाई! ही साक्षीची होती. शुद्ध पाण्याची. वाटेत बाहेरचं काही शिरलं नाही, हे हिच्यावरून कळतं."

"मग आता?"

"आता परत शहर गाठायचं, नाहीतर..."

कांफोरने पाहुणीसाठी नवा कॅन फोडला होता. तांब्या तिच्यापुढेच होता. ओरावान त्यातलं अर्धं पाणी पिऊन बसली होती. कॅनकडे बघून ती म्हणाली, "सील आत्ताच तोडलंत ना? चालेल. साहेबांना सांगू नका हं!" राखीव बाटली तिने कॅनमधून काठोकाठ भरली, उलटी केली, टिचकी मारली.

पुढच्या आठवड्यात फोन आला तेव्हा कांफोर ओट्यावर तांदूळ उपसत होती. पिमजाई आत झोपली होती.

"मावशी, अहवाल आलाय." फोनवर ओरावान होती. "द्रावण सापडलंय. खूप आहे. दोनदा तपासलं."

कांफोरने हातातला तांदूळ खाली ठेवला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटलं. शेवटी तिची भीती खोटी नव्हती.

"बुद्धाचीच कृपा," ती हुंदके देत म्हणाली. "पोरीला त्या विहिरीचा थेंबही दिला नाही गं मी. मी मेले तरी चालेल, बाळ वाचलं! आजच बुजवते ती विहीर."



"विहीर बुजवू नका, मावशी," ओरावान म्हणाली. "विहिरीच्या दोन्ही बाटल्या स्वच्छ निघाल्यात. द्रावण तुमच्या कॅनच्या पाण्यात आहे."