कान कुठे बसवायचा

"मागे बसव, पंख्याजवळ," गोविंद नाखवा ओढून ठेवलेल्या बोटीकडे हात करत म्हणाला.

बोटींवर यंत्रं बसवून तपासणाऱ्या मंदाच्या हातात वाटीएवढं सोनार यंत्र होतं, पाण्याखालचे आवाज टिपणारं. बंदरावर सगळे त्याला कान म्हणायचे. पाण्यात पडलेल्या माणसाच्या काळजाचे ठोके त्याला ऐकू आले की बोट आपोआप थांबायची.

"पंखा फिरला की तिथे नुसते बुडबुडे. त्याला काय डोंबल ऐकू येणार? मी पुढे बसवते."

"पुढे नारळ फोडलाय, कुंकू लावलंय. तिथे भोक पाडायचं नाही. आणि ऐन मासळीत थांबणारी बोट हवीय कुणाला?"

मंदाच्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या शिमग्यात तिचा भाऊ याच बोटीवरून पडला होता. जुना कान पंख्याजवळच होता. बोट थांबलीच नव्हती.

"बरं, बसवते मागे. पण मागच्या चाचणीला तुम्ही इंजिन बंद ठेवून खलाशाला पाण्यात उतरवलंत. या वेळी इंजिन चालू राहील, आणि पाण्यात तुम्ही उतराल. बोट थांबली तरच मी बोटीच्या परवान्यावर सही करीन."

खलाशी काम टाकून बघत राहिले.

नाखव्यानं पंख्याच्या पात्यांकडे पाहिलं. मग पुढे जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं फळीवरचं कुंकू पुसलं.

"पाड भोक," तो म्हणाला.